काढ्यापलीकडची प्रतिकारशक्ती

महोदय,

२०२१च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, झाला. अॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्यांसाठी आम्ही साताऱ्यापासून पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली. वरचा जबडा काढावा लागला. आजही नकली टाळू बसवल्याशिवाय चहा घेतला, तर तो नाकातून येतो.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती पाहिल्या की डोकं फिरतं. प्रतिकारशक्तीला ब्रेकही असतो! रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवरचं पीडी-१ हे प्रथिन त्यांना आवरतं. संसर्ग रेंगाळला की ब्रेक दाबलेलाच राहतो, पेशी थकतात. हा ब्रेक सोडवून कर्करोगाशी लढण्याच्या संशोधनाला २०१८चं नोबेल मिळालं. ब्रुसेल्सच्या २०१६मधल्या बॉम्बस्फोटात जखमी झालेल्या एका तरुणीचा म्युकर कशालाच दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी तिला निवोलुमॅब हे पीडी-१चा ब्रेक सोडवणारं औषध आणि जोडीला प्रतिकारपेशींना चेतवणारं इंटरफेरॉन-गॅमा दिलं. ती वाचली. एका रुग्णावरून नियम होत नाही, हे कळतं मला. ब्रेक फार सुटला तर शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर उठतं.

आपल्या आरोग्य पुरवणीत काढ्याच्या कृतीऐवजी एखाद्या रविवारी हे छापाल का?

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा