सागवानी कपाटासाठी आभार
आर्वीच्या बाजारातून घेतलेले जुने सागवानी कपाट पुन्हा घरात मांडता आले, याचे श्रेय ज्यांची नावे विचारायचीही राहून गेली अशा मंडळींना आहे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १२० आणि शेवटी २२० पर्यंत, तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे, अन्यथा पॉलिशखाली ओरखडे उठून दिसतात, हे सुतारदादांनी हातातले काम थांबवून करून दाखवले. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात, असे रंगाच्या दुकानातील काकांनी बजावले. हा सल्ला तर तेलापेक्षा मोलाचा. आरशाच्या चौकटीसाठी बांबूच्या कामट्या तासून देणाऱ्या मावशींचेही मनःपूर्वक आभार; पुढच्या वेळी मात्र त्यांना पैसे घ्यावेच लागतील.