सायकल शर्यत पाहताना उभे कुठे राहावे?

महोदय,

नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर सायकल शर्यत असली की लोक हौसेने जमतात, हे फार चांगले आहे. पण उभे कुठे राहायचे हे त्यांना कोणी सांगत नाही.

व्यावसायिक स्वारांचा जथा सपाटीवर ताशी ४५-५० किलोमीटरने येतो, म्हणजे सेकंदाला १३-१४ मीटर. चाकाला चाक भिडलेले असल्याने मधल्यांना पुढचे दिसत नाही. २०२१च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक जथ्याकडे पाठ करून, पुठ्ठ्याचा फलक धरून उभी होती. टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि मागचे कितीतरी स्वार कोसळले. सेल्फी घेणाराही असाच पाठमोरा असतो!

वळणाच्या बाहेरच्या कडेला थांबू नका; तोल गेलेला स्वार तिकडेच घसरतो. पहिला गट गेला की लगेच रस्ता ओलांडू नका, मागून संघांच्या गाड्या आणि मागे पडलेले स्वार येतात. कुत्र्याचा पट्टा आखूड धरा. स्वारांना भेटायचे तर शर्यतीआधी, ते हजेरीची सही करायला मंचाकडे येतात तेव्हा. अंतिम रेषेपलीकडे त्यांना वेग कमी करायला मोकळा रस्ता लागतो, तिथे घोळका नको.

आयोजकांना कळकळीची विनंती: नेहमीच्या लोखंडी बॅरिकेडचे पाय रस्त्यात येतात आणि त्यात चाक किंवा पेडल अडकते. शेवटच्या पट्ट्यात तरी सपाट बुडाचे, एकमेकांना जोडलेले कठडे लावावेत.

– एक सायकलप्रेमी, नेरूळ