आबा मिस्तरी, तुमच्या कोळशाच्या रेघांसाठी

आबा, नमस्कार.

यंदा श्रावणात पाच दिवस झड लागली. गल्लीत घोटाभर पाणी होतं, आणि पुढच्या खोलीची भिंत कोरडी. हात फिरवला की चुन्याची पांढरी भुकटी तळहाताला लागते, तेवढीच. कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, त्याच भिंतीशी बसली. तोंडावर आभार मानले की तुम्ही तंबाखू मळत दुसरीकडे बघता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहून ठेवतो.

या भिंतीची ओल घालवायला तुमच्या आधी तिघं येऊन गेले. नावं घेत नाही, अमळनेर तालुक्यात त्यांची कामं अजून जोरात आहेत. पहिल्याने पुट्टी घासून वर ऑइलपेंट मारला, कारण कानबाई आठ दिवसांवर आली होती. दिवाळीला पोपडे. दुसऱ्याने चार फुटांपर्यंत सिमेंटचा प्लास्टर केला, त्यात वॉटरप्रूफची पावडर. पुढच्या पावसाळ्यात ओल पाच फुटांवर दिसली. तिसऱ्याने जमिनीलगत ओळीने भोकं पाडली, रसायन ओतलं आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. तो कागद कपाटात होता आणि कपाट त्याच भिंतीला टेकलेलं. कागदाला बुरशी आली.

तिघांपैकी एकानेही धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढून पाहिलं नाही. एकही जण गल्लीत उभा राहून ओट्याकडे बघत बसला नाही.

तुम्ही आलात ते दसऱ्याच्या सुमाराला. भिंतीवर तळहात ठेवत ठेवत खोलीभर फिरलात आणि विचारलंत, चुलीतला कोळसा आहे का. ओल जिथे संपत होती तिथे आडवी रेघ ओढलीत, बाजूला लिहिलंत ‘दसरा’. मग म्हणालात, “भीत वल्ली शे, घाई नका करा.” (भिंत ओली आहे.) इसार पुढे केला तर हात मागे घेतलात. पैसे रेघ खाली आल्यावर.

आबा, सगळ्या कामात आम्हाला मोठी वाटली ती ही रेघ. हातावर पोट असलेला माणूस ‘आज काम नाही’ म्हणतो तेव्हा तो स्वतःची रोजी सोडत असतो. नंतर बाजाराच्या दिवशी पिशवी ओट्यावर ठेवून तुम्ही आत यायचात, हात लावायचात, जायचात. दिवाळीची रेघ, संक्रांतीची, होळीची. चहासुद्धा अर्ध्या वेळी नको म्हणालात.

आता बाकीच्यांच्या उपयोगाचं. जुन्या घरांत पैसा कसा वाया जातो ते तुमच्यामुळे नीट कळलं.

दीड फूट जाडीची, मातीच्या गाऱ्यात बांधलेली विटांची भिंत. जोत्यात ओल अडवणारा थर नाही, जुन्या घरांत तो नसायचाच. जमिनीतलं पाणी वीट शोषून वर ओढते, दिव्यातली वात तेल ओढते तसं, आणि वाटेत ते भिंतीच्या दोन्ही अंगांनी वाळून जातं. ओल चढण्याचा आणि वाळण्याचा मेळ बसतो तिथे तिची रेघ थांबते. सिमेंट लावलं की वाळायची वाट बुजते. मग पाणी सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत जाऊनच बाहेर पडतं. चार फुटांचा प्लास्टर आणि पाच फुटांची ओल, हिशेब एवढा सरळ आहे. आतल्या आत गारा मऊ होत जातो ते वेगळंच. तिसऱ्याचं रसायन का फसलं तेही यातच आलं: मातीच्या गाऱ्यात सांधे पोकळ असतात, ओतलेलं रसायन वाट सापडेल तिकडे जातं आणि सलग थर बनतच नाही.

तुम्ही सिमेंट पूर्ण काढायला लावलंत, ओलीच्या वर आणखी फूटभर. छिन्नी तिरकी धरून, हलक्या हाताने, नाहीतर विटेचा पापुद्रा सोबत निघतो. भिंतीवर फुटलेला लोणा, म्हणजे पांढरा खार, कोरड्या ब्रशने झाडायचा आणि कागदावर गोळा करून घराबाहेर टाकायचा. तो पाण्याने धुतला तर खार विरघळून परत विटेत जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुटतो. ही चूक घरोघरी होते.

वाळायला किती दिवस? भिंतीच्या इंचाला साधारण महिना धरतात. आपल्याकडची थंडीतली कोरडी हवा आणि दोन्ही बाजूंनी उघडी भिंत, म्हणून दसऱ्याची चार फुटांवरची रेघ होळीला दीड फुटावर आली.

पण नुसती वाळवून भागलं नसतं. पाणी येत होतं गल्लीतून. रस्त्यावर दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर पडतो, जुना कोणी उखडत नाही. रस्ता ओट्याच्या बरोबरीला आला आणि पाण्याचा उतार घराकडे झाला. खाली काळी माती, एकदा भिजली की आठवडे पाणी धरून ठेवते. इथला पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ओल हा कोकणवाल्यांचा त्रास असं लोक समजतात. पण झडीच्या चार दिवसांत काळी माती जे पिते ते भिंत महिनाभर पीत राहते.

भिंतीलगत दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणला, पायाच्या तळापेक्षा वरच राहील असा. एका वेळी चार-पाच फुटांचाच तुकडा उघडायचा, तो भरून झाला की पुढचा. अख्खी भिंत एकदम मोकळी केली तर जुना पाया सरकतो. तळाशी चार इंची भोकांचा पाइप, भोकं खालच्या अंगाला, शंभर फुटांना एक फूट उतार, तोंड खालच्या गटारीत. वर चाळीस मिलिमीटरची खडी. खडीभोवती जाळीचं कापड गुंडाळायला लावलंत, नाहीतर दोन पावसाळ्यांत काळी माती पाइप बुजवते.

मग धाबं. कोणीतरी पूर्वी मातीवर दोन इंच सिमेंटचा कोबा ओतला होता. दहा बाय बाराच्या खोलीवर ते तेराशे किलोंहून जास्त वजन, जुन्या सागाच्या सऱ्यांच्या, म्हणजे छताच्या तुळयांच्या, उरावर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कोबा तापतो, सरे वाकतात, तडा जातो. तड्यातून पाणी आत शिरतं आणि वरून सिमेंट असल्यामुळे परत वाळत नाही. सऱ्याचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, मग उधई (वाळवी). तुम्ही आरीने न कापता पहारीचं टोक हळूच दाबून कुठलं टोक गेलं ते सांगितलंत. बारापैकी दोन बदलावे लागले.

कोबा गेला आणि पांढरी माती परत आली. गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगाच नाही. काळी वाळली की भेगाळते, पांढरी तेवढी फुगत नाही नि तेवढी आक्रसतही नाही. जुना पोपडा खरवडून मगच नवा थर. इंचभर माती म्हणजे चौरस फुटाला चार किलो, आणि लोक दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नुसती वर घालत जातात. (माती आणायची म्हणून जुन्या टेकाडांवर फावडं चालवू नका. प्रकाशे आणि बहाळ इथल्या अशाच टेकाडांत पुरातत्त्व खात्याला हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या सापडल्या. पडक्या घराची माती मिळते, ती चांगली.) उन्हाळ्यात खोली गार राहते ती याच फूटभर मातीमुळे. पत्रा टाकायचाच तर धाब्यावर दीड-दोन फूट मोकळी हवा सोडून टाकावा.

पन्हळ भिंतीपासून सव्वा फूट बाहेर काढली आणि खाली शहाबादी फरशी ठेवली. धार मातीवर पडली की शिंतोडे दोन फुटांपर्यंत उडतात आणि लोक त्यालाच जमिनीची ओल समजतात. आणि सवणं, धाब्यातलं धूर-वाफ जायचं भोक! कोणीतरी ते सिमेंटने बुजवून टाकलं होतं. चुलीची वाफ जाणार कुठे? तुम्ही ते उघडलंत, भोवती सहा इंच उंच कठडा आणि वर टोपी.

प्लास्टर चुन्याचा. कळीचा चुना पंधरा दिवस पाण्याखाली भिजवलेला, एक भाग चुना, एक भाग सुर्खी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग धुतलेली रेती. पहिला हात अर्धा इंच, दहा दिवसांनी दुसरा पाव इंच. होळीनंतरचं ऊन कडक, म्हणून ओलं गोणपाट टांगून ठेवलं होतं आणि ते ओलं ठेवायला तुम्ही घरातल्या पोरांना पाळी लावून दिली होती. चुना घाईने वाळला तर त्याची नुसती भुकटी होते. रंग म्हणून चुन्याचीच निवळी, तीन हात. कानबाईसाठी चकचकीत भिंत हवी म्हणून बायकांनी हट्ट धरला तेव्हा तुम्ही म्हणालात, देवीला चकाकी नको, कोरडी जागा पाहिजे. त्यावर कोणी बोललं नाही.

दाराआडचा वीतभर पट्टा तुम्ही प्लास्टरविना ठेवलात. चारही रेघा तिथे अजून आहेत. परवा बॅटरी लावून पाहिलं, ओल होळीच्या रेघेच्याही चार बोटं खाली आहे.

एक काम निघालंय. मागच्या पन्हळीखालची फरशी एका अंगाला खचली आहे, पाणी भिंतीकडे वळतंय. बाजाराच्या दिवशी या. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करून ठेवतो, या वेळी नको म्हणू नका. कोळसा कोनाड्यात ठेवला आहे.