शाळेतलं इंटरनेट संध्याकाळी वाडीला खुलं करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. शहरात त्याचं फारसं कुणाला काही वाटलं नसेल. राजापूर तालुक्यातल्या आमच्याकडच्या वाड्यांत मात्र निकालाच्या आनंदावर त्या अर्जानं विरजण घातलं. घरात रेंज नाही म्हणून मुली सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसायच्या. अर्ज उघडला की ओटीपी जायचा वडिलांच्या नंबरवर, आणि वडील मुंबईला ड्युटीवर. त्यांना विचारायचं तर ज्या मोबाइलवर अर्ज भरतोय तोच कानाला लावायचा. आकडे हाती येईपर्यंत वेळ संपलेली. शेवटी सकाळची एसटी पकडून तालुक्याला जायचं, दुकानात पैसे देऊन फॉर्म भरून घ्यायचा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम दुकानदार सांगेल तसा लावायचा. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. मेहनतीनं मार्क मिळवलेल्या मुलीनं पुढे काय शिकायचं हे काउंटरवरच्या घाईत ठरतं.

आणि हे एकट्या अकरावीचं नाही. नवोदयचा अर्ज ऑनलाइन, महाडीबीटीची शिष्यवृत्ती ऑनलाइन. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, सरकारच्या दीक्षा ॲपवर धडे आहेत, पण ते उघडायचे कुठे बसून? केरळ उच्च न्यायालयानं 2019 मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तो हक्क आमच्या पाखाड्या चढून वर कधी येणार, हा माझा प्रश्न आहे.

माझं मागणं एकच आहे. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चांगलं इंटरनेट घ्यावं, आणि शाळा सुटल्यावर, समजा पाच ते साडेसात, ते सगळ्या वाडीला मोफत खुलं असावं. गुरुजींनी नव्हे, वाडीनं ते चालवावं. दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आधीच इतकी आहेत की त्यात आणखी एक टाकणं अन्याय होईल. किल्ली बचत गटाच्या बायकांकडे द्या. आमच्याकडे रेशनपासून हळदीकुंकवापर्यंतचा हिशेब त्या चोख ठेवतात, हाही ठेवतील.

हे करायला नवी समिती नको. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. पुढच्याच कलमात शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम याच समितीला दिलं आहे. म्हणजे शाळेला काय हवं ते सांगण्याचा अधिकार कायद्यानं आम्हा पालकांच्या हातात आहे. प्रत्यक्षात काय होतं? बैठक भातलावणीच्या दिवसांत ठरते, चारजण येतात, आणि मग इतिवृत्ताची वही सहीसाठी घरोघरी फिरते. मी स्वतः समितीवर आहे आणि त्या वहीवर चुलीपुढे बसून सही होताना पाहिलेली आहे. बाई भाकरी थापता थापता हात पुसते आणि दाखवतील त्या रेघेवर सही करते. कशावर सही केली हे तिला कुणी सांगत नाही, तीही विचारत नाही. कारण शाळेत तिचं स्वतःचं असं काही काम नाही.

इंटरनेटमुळे ते काम निर्माण होईल, असं मला मनापासून वाटतं. सातबारा काढायला, मुंबईच्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला, बागायतीवरच्या रोगाची माहिती बघायला माणसं संध्याकाळी शाळेत येऊ लागली, की त्यांना गळकं कौल दिसेल, पाण्याची टाकी दिसेल, फळ्यावरची गणितं दिसतील. पहिली ते चौथीत पोर नसलेली माणसंही येतील, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कोकणातल्या वाड्यांच्या पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे वीसच्या आतला पट काही नवलाचा नाही. ज्या शाळेत रोज संध्याकाळी अख्खी वाडी बसते, तिचं मोल नुसत्या पटावरून कुणाला करता येणार नाही.

कोकणाला हे परकं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे. मुरूडचे महर्षी कर्वे तरुणपणी गावच्या माणसांच्या वर्गणीतून गावच्या सार्वजनिक कामांसाठी मुरूड फंड उभा करतात, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर 1936 मध्ये, जिथे शाळाच नाही अशा खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढतात. सरकार येईल तेव्हा येईल, तोवर आपण सुरुवात करू, ही आमच्या मातीतली रीत आहे. आज जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. ही मंडळं कमान बांधतात, सभामंडप बांधतात, शाळेला टीव्ही भेट देतात. टीव्हीचं स्वागतच आहे, पण महिन्याचं वीजबिल आणि इंटरनेटचं बिल भरायला कुणी नसेल तर तो कापडाखाली झाकून राहतो. वस्तू देण्यापेक्षा दरमहाचा खर्च उचलणं अधिक मोलाचं आहे, हे मंडळींनी मनावर घ्यावं. त्या खर्चाला कोनशिला नसते, म्हणून तो मागे पडतो.

तांत्रिक अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. 2011 मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून, जिला पुढे भारतनेट नाव मिळालं, इंटरनेटची फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत आणायची आहे. पण आमच्याकडे ग्रामपंचायत एका वाडीत असते आणि शाळा पऱ्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) दुसऱ्या वाडीत. मधे डोंगराची सोंड. केबल ओढायची तर जांभा खडक फोडायला लागतो. अशा ठिकाणी समोरासमोर नजर पोहोचत असेल तर दोन्ही टोकांना दिशादर्शी अँटेना लावून वायफाय काही किलोमीटर नेता येतं, आणि वायफायच्या लहरींना वेगळा परवाना लागत नाही. भर पावसात भिजलेली झाडं आड आली की सिग्नल पडतो, म्हणून अँटेना उंचावर हवी, आणि उंचावर हवी म्हणून अर्थिंग पक्कं हवं, नाहीतर वळवाच्या पहिल्या विजेला सगळं जळून जाईल. झाडी आणि डोंगर आड येतात तिथलाही विचार झालेला आहे, आणि तो कोकणातच झाला आहे. आयआयटी मुंबईनं पालघर जिल्ह्यातल्या गावांत ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पातून टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवर इंटरनेट पोहोचवून दाखवलं.

दुसरी वाट पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेची. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये ती मंजूर केली. तिच्यात सार्वजनिक वायफाय चालवायला दुकानदाराला किंवा संस्थेला परवाना लागत नाही, नोंदणी फी लागत नाही, आणि कोण वापरतंय याच्या नोंदीची तांत्रिक बाजू अशी अनेक केंद्रं एकत्र जोडणारी कंपनी सांभाळते. अशा केंद्रांना व्यावसायिक जोडणीचे भारी दर लावले जात होते. जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं त्यावर मर्यादा घातली: 200 एमबीपीएसपर्यंतच्या वेगाच्या घरगुती ब्रॉडबँडच्या दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. एवढा भार वाटून घेणं एका वाडीला जड नाही. शिमग्याला आपण घरटी वर्गणी काढतोच.

पोरं रील बघत बसतील, गेम खेळतील, असं बरेचजण म्हणतात. ही काळजी खरी आहे. पण आज ती रस्त्याच्या मोरीवर, अंधारात, एकटीच बघतात. शाळेच्या पडवीत आजी-काकूंच्या देखत बसतील तेव्हा नियम लावता येतील, वेळ ठरवता येईल, मोठी मुलगी लहान भावाला धडा काढून देईल. मुलींसाठी तर ही सगळ्यात सुरक्षित जागा. रेंजसाठी सड्यावर जाणाऱ्या मुलीची काळजी करणाऱ्या प्रत्येक आईला हे पटेल.

आणखी एक. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि मुंबईतल्या माणसांना घरच्यांची खबर कित्येक दिवस मिळाली नाही. शाळेच्या छपरावर सौर पॅनेल आणि खाली बॅटरी असेल, तर निदान फोन चार्ज होतील, आणि लाईन शाबूत राहिली तर निरोपही जाईल.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावणं पालकांच्या हातात आहे. ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्याची नोंद झाली तर तिचा अबंध, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधीही वापरता येईल. त्यापाठोपाठ गणपतीला चाकरमानी येतील आणि देवळात वाडीची बैठक बसेल. त्या बैठकीला शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि बचत गटाच्या बायकांना बोलवा, शाळा सुटल्यावर खोली वापरायला मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या, आणि दरमहाचं बिल मुंबईकर किती उचलणार, वाडी किती उचलणार, हे त्याच रात्री ठरवून वहीत लिहा.

आपली,
एक पालक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी