शेकरूचा रस्ता फांद्यांवरून जातो

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात भीमाशंकरला गेलो होतो. दर्शन झालं, परत निघालो तर गाड्या लावायच्या जागेच्या अलीकडे घोळका दिसला म्हणून थांबलो, बघतो तर एक शेकरू (म्हणजे झाडांवरची मोठी खार) चक्क रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलेलं आणि त्याच्या हातात क्रीमचं बिस्कीट. फळ फिरवावं तसं दोन्ही पंजांनी फिरवत आतलं क्रीम चाटून घेतलं आणि बिस्कीट टाकून दिलं. लालसर तपकिरी पाठ, पिवळट पोट, शेपटीचा गोंडा टोकाला फिकट. पोरं खूश, सगळे व्हिडिओ काढतायत, खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मीपण खूश होतो.

मग एका गाडीने हॉर्न मारला आणि ते बिचकून डांबरी रस्त्यावरून पळत सुटलं, कारण पलीकडच्या झाडावर जायला दुसरी वाटच नव्हती. समोरून येणाऱ्या जीपवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचलं.

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही हो. खाणं, झोपणं, पिल्लं, सगळं झाडावर, एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फूट उडी मारतं. एकच घर करत नाही, आपल्या टापूत बरीच घरटी बांधतं आणि तीही शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर, जिथे दोन झाडं एकमेकांना लागलेली असतात, म्हणजे धोका आला की लगेच पलीकडे जाता येतं. फांद्यांची ही साखळी तुटली की झाडं कितीही शिल्लक असोत, शेकरूसाठी ते जंगल तुटलंच. मी पंधरा वर्षं या रस्त्याने जातोय, आधी कितीतरी ठिकाणी जांभळीच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंतलेल्या असायच्या, आता तिथे सरळ आकाश दिसतं. कुठे वळण मोठं केलं, कुठे वायर गेली, कुठे पार्किंगला जागा काढली.

कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. गर्दी वाढली तर रस्ता लागणारच. पण हे अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः या शेकरूसाठीच, पुणे, ठाणे आणि रायगड या 3 जिल्ह्यांत मिळून साधारण 131 चौरस किलोमीटर जागा, आणि शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे. त्याच्यासाठी एवढं तर करता येईल की फांदी छाटण्याआधी वर मान करून बघायचं, घरटं आहे का, ही फांदी कुठल्या झाडाला जोडलेली आहे. आणि जिथे साखळी तुटलीच आहे तिथे दोन झाडांच्या मध्ये जाड दोराचा पूल बांधायचा. तामिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून असे पूल बांधलेत आणि माकडं ते वापरतात, मग आपल्याकडे करून बघायला काय हरकत आहे?

यात तिथल्या महादेव कोळी लोकांना आधी विचारावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या देवरायांमधून वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत, उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून त्यांचे चार पैसे होतात, म्हणजे झाड उभं राहण्यातच त्यांचा फायदा आहे. कुठलं शेकरू कुठल्या झाडावरून जातं हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं, बिस्कीट, वेफर्स काही देऊ नका. त्याला जांभूळ, उंबर, आंबा, झाडाची साल, सगळं वरच मिळतं. तुम्ही दिलेल्या खाऊसाठीच ते खाली गाड्यांमध्ये येतं.

दोर बांधायचे असतील तर पावसाळ्याआधीच बांधावे लागतील, एकदा पाऊस लागला की तिथे धुक्यात दहा फुटांवरचं झाड दिसत नाही. म्हणून हे पत्र जमलं तर याच महिन्यात छापा.

आपला एक वाचक