काका हट्ट करत नाहीत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पक्षाघातानंतर काकांना बोलता येत नाही, पण तू सांगितलेलं कळतं. उजवा पाय थोडाफार उचलतात, उजवा हात मात्र पार लुळा. काहीही विचारलं की 'नाही, नाही' एवढंच. लिहून दाखवा म्हणून डाव्या हातात पेन दिलं तर चिडून फेकून दिलं. त्यावर घरातलं कुणीतरी म्हणालं, 'मनावर घेत नाहीत, हट्टीपणा नुसता.' ते वाचल्यावर तुला सविस्तरच लिहायला बसलो. तू लिहिलेल्या लक्षणांवरून, एमआरआय न बघताही, कुठली रक्तवाहिनी बंद पडली असेल ते जवळजवळ सांगता येतं.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो 20 टक्के, आणि साठा जवळपास काहीच नाही. रक्त येतं चार वाटांनी. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरॉटिड धमन्या, आणि मागून मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. या मागच्या दोघी कवटीत शिरल्यावर एकत्र येतात, तिथून पुढे तिचं नाव बॅसिलर. मेंदूच्या तळाशी या सगळ्या वाटा बारीक धमन्यांनी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने 1664 साली आपल्या ग्रंथात ते दाखवलं. त्या ग्रंथासाठी चित्रं काढणारा ख्रिस्तोफर रेन पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल उभारणारा वास्तुविशारद म्हणून गाजला. चित्रातलं ते सुबक कडं प्रत्यक्षात मात्र खूप जणांत अर्धवट असतं. एखादा जोड केसासारखा बारीक, एखादा मुळातच नाही. म्हणूनच एखाद्याची कॅरॉटिड हळूहळू पूर्ण बंद होते तरी त्याला पत्ता लागत नाही, रक्त दुसरीकडून फिरून येतं. आणि दुसरा तेवढ्यानेच कोसळतो.

कड्याच्या पुढे निघालेल्या धमन्यांना अशी मदत फारशी मिळत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन: पुढची, मधली, मागची. प्रत्येकीची हद्द ठरलेली. मधली सगळ्यांत मोठी आणि कॅरॉटिडच्या जवळजवळ सरळ ओळीत, त्यामुळे हृदयातून किंवा मानेतून सुटलेली गुठळी बहुतेक वेळा हिच्यातच जाऊन अडकते. मेंदूचा डावा अर्धगोल, म्हणजे डावा अर्धा भाग, शरीराची उजवी बाजू हलवतो, म्हणून काकांची डावी मधली धमनी, किंवा तिची वरची फांदी, बंद पडली असणार. चेहरा आणि हात हलवणारा भाग मेंदूच्या बाहेरच्या अंगाला, तिच्या हद्दीत. पायाचा भाग दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीत, तिथे रक्त पुरवते पुढची धमनी. म्हणून हात गेला, पाय बराचसा राहिला. मागची बंद पडली असती तर हातपाय चालले असते, पण दोन्ही डोळ्यांनी एका बाजूचं दिसलं नसतं. आणि बॅसिलरबद्दल तुला एवढंच लिहितो, की ती बंद पडली तर माणूस पूर्ण शुद्धीत असूनही कधी कधी डोळे वर-खाली करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता बोलण्याबद्दल. बहुतेक माणसांची भाषा डाव्या अर्धगोलात असते, आणि ती सगळी याच मधल्या धमनीवर जगते. वरची फांदी शब्द जुळवून बोलण्याच्या भागाला रक्त देते, खालची अर्थ लावण्याच्या. काकांचं समजणं बरंच शाबूत आहे, म्हणजे खालची वाचली. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 1861 साली असाच एक रुग्ण तपासला होता. काहीही विचारा, तो 'तान, तान' म्हणायचा. पण फार चिडला की तोंडून एक अस्सल शिवी बाहेर पडायची! काकांचं 'नाही' त्यातलंच समज. तो नकार असेलच असं नाही, तेवढा एकच शब्द हाताशी उरलाय. चेहरा बघ, मान बघ, अंगठा वर-खाली करायला सांग. आणि ते पेन त्यांनी फेकलं, कारण बिघाड जिभेत नसून भाषेत आहे. बोलायला शब्द सापडत नाहीत तसे लिहायलाही सापडत नाहीत. एक ते दहा अंक किंवा वारांची नावं त्यांच्याबरोबर म्हणून बघ, एखादं पाठ असलेलं गाणंही. घोकलेलं बरेचदा सुटसुटीत बाहेर येतं. आवाज चढवून बोलू नका, कान ठीक आहेत त्यांचे. स्पीच थेरपी लगेच सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, पण भाषा त्यानंतरही बराच काळ सुधारत राहते. सुधारण्यात हात मात्र पायापेक्षा मागेच राहील, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि पक्षाघातानंतर बरेच रुग्ण त्यानेच दगावतात.

'लवकर नेलं असतं तर?' असं तू विचारलंस. खरं सांगू? मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा उशिराने फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते झोपेतून उठले तेच असे. वेळ मोजतात शेवटचे धडधाकट दिसले तिथून, म्हणजे आदल्या रात्रीपासून. तुम्हाला दिसलं तेव्हाच घड्याळ बरंच पुढे गेलेलं होतं. तू गाडी काढायला लावलेली दहा मिनिटं डोक्यातून काढून टाक.

त्यापेक्षा गुठळी आली कुठून ते शोधायला हवं, कारण दुसरा झटका पहिल्या काही आठवड्यांतच येण्याची भीती जास्त. मानेचा डॉपलर, म्हणजे धमन्यांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, झाला का? डाव्या कॅरॉटिडमध्ये 70 टक्के किंवा त्याहून जास्त अरुंदपणा असेल आणि तब्येत झेपणारी असेल, तर ती साफ करण्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांत करतात. हृदयाचे ठोके अनियमित निघाले तर औषध वेगळं, रक्त पातळ ठेवणारं. होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावला होता का तेही डॉक्टरांना विचार, आणि दोन्ही रिपोर्टचे फोटो आजच पाठव. रात्री कितीही वाजता पाठवलेस तरी चालेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र