प्रथमोपचार पेटी की उरलेल्या गोळ्यांचा डबा?

महोदय,

मी निवृत्त परिचारिका. कोणाकडेही गेले की प्रथमोपचार पेटी उघडून पाहायची माझी खोड आहे (यजमान वैतागतात, वैतागोत बापडे). आत बहुधा उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, कधीचे फोडलेले डोळ्यांचे थेंब आणि चिकटपणा गेलेल्या पट्ट्या! निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, कात्री, हातमोजे यांचा पत्ता नाही. ओआरएस (जुलाब झाल्यावर द्यायची क्षार-साखरेची पूड) असते, पण लिटरभर पाण्यात विरघळवायचे अख्खे पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात. लहान मुलांना ते घातक ठरू शकते. भाजल्यावर मलम शोधत बसू नये, आधी २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. आणि पेटी बाथरूममध्ये कशाला? दमटपणाने औषधे खराब होतात. कपाटात वर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवावी.

– एक वाचक